पफिन जवळ येतो म्हणून वाट सोडायची का?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी माणसाला अजिबात घाबरत नाही. तो लाखोंनी आहे आणि वाढतोच आहे. बेटांवर पायवाटेच्या कडेने बांधलेल्या दोऱ्या आणि मोजकी तिकिटे ही निव्वळ कमाईची सोय आहे. तेव्हा ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन जा आणि अगदी जवळ बसून फोटो काढा, असा त्याचा आशय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि त्यावर विसंबून कुणी वागले तर त्याची झळ बिळातल्या पिल्लाला बसते.

ऑगस्टचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. वेल्सजवळच्या स्कोमर बेटावर पफिन मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये येतात आणि जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात. उरलेले महिने ते उघड्या अटलांटिकवर काढतात, चोचीवरची रंगीत कवचे गळून पडतात आणि चेहरा करडा होतो. ऑगस्टमध्ये तिथे गेलेल्या कुटुंबाला पफिन दिसणार नाही. जून आणि जुलैचा पूर्वार्ध हा त्यांना पाहण्याचा खरा काळ.

आता भीतीविषयी. पफिन माणसापासून हातभर अंतरावर उभा राहतो, हे खरे आहे. पण त्यावरून त्याला आपला त्रास होत नाही असे ठरत नाही. स्कोमरवर ‘द विक’ नावाची एक जागा आहे, जिथे पायवाटेच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला बिळे आहेत. गेल्या जूनमध्ये मी तिथे उभा असताना एक पफिन चोचीत सात-आठ चंदेरी मासळ्या आडव्या धरून वाटेच्या कडेला उतरला. त्याचे बीळ पलीकडे होते आणि मध्ये आम्ही दहा-बारा माणसे मोबाइल रोखून उभी होतो. तो दोन पावले पुढे आला, थांबला, मागे सरला, आणि तेवढ्यात वरून एक कुरव (सीगल) झेपावला. पफिन मासळी टाकून समुद्राकडे उडाला. आम्ही त्याच्या अंगाला हातही लावला नव्हता, तरी त्याच्या पिल्लाचा एक घास आमच्यामुळे गेला. पफिनची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू सुमारे सहा आठवडे बिळात राहून आईबापांनी आणलेल्या मासळीवरच वाढते, आणि पिल्ले वाढवण्याच्या वयाला यायला पफिनला साधारण पाच वर्षे लागतात. त्यामुळे ‘एका घासाने काय होते’ असे म्हणणे मला पटत नाही.

दोऱ्यांचे कारण तर पायाखालीच असते. गवताचा पातळ थर आणि त्याखाली पोखरलेली माती अशी ही जमीन आहे. वाट सोडून टाकलेले एक पाऊल बिळाचे छत खचवते आणि आतला पक्षी किंवा अंडे गाडले जाते. ‘कमाईची सोय’ हा आरोप तर हिशेबालाही धरून नाही. स्कोमरवर दिवसाला सुमारे 250 माणसांनाच उतरू देतात. कमाई वाढवायची असती तर संख्या वाढवली असती.

‘लाखोंनी आहेत आणि वाढताहेत’ हे विधान सर्वांत फसवे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. स्कोमरवर 2025 मध्ये 43,626 पफिन मोजले गेले, हा तिथला उच्चांक. पण एक बेट म्हणजे सगळी जात नव्हे. नॉर्वेतल्या रोस्ट बेटांवरची संख्या 1979 नंतर तीन-चतुर्थांशांहून अधिक घटली. नामशेष होण्याचा धोका असलेल्या जीवांच्या यादीत अटलांटिक पफिनची नोंद जागतिक पातळीवर 2015 पासून ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि युरोपपुरती ती ‘संकटग्रस्त’ आहे. शिवाय हा पक्षी वीस-वीस, तीस-तीस वर्षे जगतो. एखाद्या बेटावर कित्येक हंगाम पिल्ले उपाशी मेली, तरी कड्यावर प्रौढ पक्ष्यांची गर्दी तशीच दिसत राहते. आइसलंडच्या वेस्टमन बेटांवर सँड ईल ही बोटाएवढी मासळी कमी झाल्यावर नेमके हेच घडले होते.

आणि जिथे संख्या वाढली, तिथे ती आपोआप वाढलेली नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या लंडी बेटाचे नावच मुळी जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘पफिनचे बेट’ या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. तरी 2001 मध्ये तिथे अवघे 13 पफिन उरले होते. जहाजांतून आलेले उंदीर अंडी आणि पिल्ले खात होते. 2002 ते 2004 या काळात ते उंदीर संपवल्यानंतर 2019 पर्यंत पफिन 375 झाले. सँड ईलची मासेमारी ब्रिटनने 2024 मध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लिश भागात आणि स्कॉटलंडच्या संपूर्ण सागरी हद्दीत बंद केली, तीही याच काळजीपोटी.

स्कोमरच्या बोटीत चढण्यापूर्वी प्रत्येकाला आपली पिशवी तपासून घ्यायला सांगतात, एखादा उंदीर आत शिरलेला नाही ना म्हणून. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. त्यांनी डबा, छत्री, नातवाचा स्वेटर, सगळे धक्क्यावर काढून ठेवले, रिकामी पिशवी उलटी करून झटकली आणि मगच बोटीत पाय ठेवला.