रेकॉर्डरला सगळं कळतं, पण तो सांगत नाही

एक पोर्टेबल रेकॉर्डर आणि त्याच्या डिजिटल इनपुटला लावायची एक केबल. दोनच वस्तू. पण या दोन वस्तूंनी माझा जेवढा जीव खाल्लाय, तेवढा वारा, पाऊस, विमानं आणि भुंकणारी कुत्री यांनी मिळूनसुद्धा खाल्लेला नाही. वाऱ्यावर इलाज असतो, माइकला फर चढवता येते. विमान निघून जातं. पण स्क्रीनवर नुसतंच ‘नो सिग्नल’ लुकलुकवत बसलेल्या रेकॉर्डरचं काय करायचं?

मुळात ही केबल लावायची कशाला, असं कुणी विचारेल. लावावी लागते, कारण छोट्या रेकॉर्डरमधले माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे भाग, बरेचदा सुमार असतात. पहाटे रानात बसून लांबच्या पक्ष्याचा आवाज टिपायचा तर गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, वर न्यावा लागतो, आणि गेन वर नेला की पक्ष्याच्या आधी प्रीअँपची सळसळच ऐकू येते. म्हणून चांगला प्रीअँप आणि चांगला कन्व्हर्टर बाहेर वेगळा ठेवायचा, आवाजाचे आकडे तिथेच करायचे, आणि रेकॉर्डरने ते आकडे निमूट कार्डावर उतरवून घ्यायचे. कारकुनाचं काम आहे हे! समोरून येईल ते जसंच्या तसं लिहून घे, बाकी काही करू नकोस. तेवढंही या यंत्राला धड जमू नये याचा संताप येतो.

सुरुवात सॉकेटपासूनच होते. रेकॉर्डरच्या कडेला 3.5 मिलिमीटरचं गोल सॉकेट असतं. त्यात हेडफोनची पिन बसते, लाइन इनची बसते, माइकची बसते. आणि त्याच मापाच्या सॉकेटात ऑप्टिकलची, म्हणजे प्रकाशातून आकडे नेणाऱ्या केबलची, पिनही बसते, कारण मिनी ऑप्टिकल प्लग मुद्दामच त्या मापाचा ठेवलाय. टोक केसभर लांब, एवढाच काय तो फरक. काही रेकॉर्डर तर याच मापाच्या सॉकेटातून कोएक्सियल, म्हणजे धातूच्या तारेवरून येणारं, डिजिटलही घेतात, आणि तिथे सिग्नल पिनच्या टोकावर असेल की मागच्या कड्यावर, याबद्दल कंपन्यांचं आपापसात एकमत नाही. म्हणजे पिन आत गेली यावरून काहीही कळत नाही. चुकीची केबलसुद्धा ‘टक्’ करून अगदी झोकात बसते. सॉकेटच्या वर काय लिहिलंय ते बघावं, तर काळ्या प्लास्टिकवर करड्या रंगाची मुंगीएवढी अक्षरं. पहाटेच्या अंधारात टॉर्च दातांत धरून ती वाचायची.

चांगली महागडी, व्यावसायिक यंत्रं घेतली की यातून सुटका होईल असं वाटत असेल, तर तिथे वेगळाच घोळ आहे. तिथे एईएस3 हे डिजिटल आवाजाचं व्यावसायिक मानक असतं, 1985 साली पहिल्यांदा आलेलं, आणि ते येतं एक्सएलआरमधून. कुठल्या एक्सएलआरमधून? माइकला असतो त्याच तीन पिनांच्या! एकाच पिशवीत माइकची केबल आणि डिजिटलची केबल, दोन्ही काळ्या, दोन्हीला तेच तोंड. स्पडिफ (छोट्या रेकॉर्डरमधलं घरगुती मानक) आणि एईएस3 तशी सख्खी भावंडं, आतला डेटा जवळजवळ सारखाच. पण एक 75 ओहमच्या केबलवर अर्ध्या व्होल्टने चालतं, दुसरं 110 ओहमच्या बॅलन्स्ड केबलवर 2 ते 7 व्होल्टने. त्यामुळे या दोघांना जोडायचं म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मरचं आणखी एक नळकांडं आलं. पिशवीत आणखी एक वस्तू, आणि ऐन वेळी न सापडणारी आणखी एक वस्तू.

पण निदान एक्सएलआरला खटका आहे. बीएनसी, म्हणजे कोएक्सियलचंच एक तोंड, पिळून घट्ट होतं. ऑप्टिकलला काय आहे? तॉसलिंक, म्हणजे ही ऑप्टिकल जोडणी, तोशिबाने 1983 साली आणलं ते घरातल्या कपाटात ठेवायच्या यंत्रांसाठी. एकदा मागे खोचलं की वर्षानुवर्षं कुणी हात लावणार नाही, अशा हिशोबाने केलेलं. तेच उचलून खांद्याला लटकवायच्या रेकॉर्डरला लावलं! कन्व्हर्टरकडचं टोक चौकोनी, रेकॉर्डरकडचं गोल, म्हणून चौकोनीचं गोल करणारा बोटाच्या पेराएवढा एक प्लास्टिकचा अडॅप्टर मध्ये येतो. हा अडॅप्टर सॉकेटात गोल गोल फिरतो. केबल आतून प्लास्टिकच्या धाग्याची, ताठ, तिला घट्ट वळण दिलं तर प्रकाश वाटेतच गळतो. म्हणून ती पिशवीत मोठा बाक घेऊन बसते आणि त्या बाकाचा सगळा ताण या चिमुकल्या अडॅप्टरवर येतो. पिशवी खांद्यावर जरा सरकली की अडॅप्टर अर्धा मिलिमीटर बाहेर येतो. पडत नाही. पडला असता तर दिसला तरी असता! तो तिथेच असतो, बसल्यासारखा दिसतो आणि काम करत नाही. मग केबल उपसायची, टोक तळहातासमोर धरायचं, तळव्यावर लाल ठिपका उमटतोय का ते बघायचं. उमटतो. म्हणजे प्रकाश येतोय. मग परत खोचायची आणि श्वास रोखून स्क्रीनकडे बघायचं.

‘नो सिग्नल.’

आणि इथे माझं डोकं खरंच फिरतं. कारण हे साफ खोटं असतं. सिग्नल असतो! तळहातावर दिसला की आत्ता!

स्पडिफमधून नुसता आवाज जात नाही. आवाजाच्या प्रत्येक सँपलबरोबर, म्हणजे मोजलेल्या एकेका आकड्याबरोबर, एक जादा बिट जातो, आणि असे 192 बिट जमले की एक पूर्ण नोंद तयार होते. तिला चॅनल स्टेटस म्हणतात. पाठवणारं यंत्र त्यात स्वतःची सगळी ओळख सांगतं. मी घरगुती आहे की व्यावसायिक, माझ्याकडून साधा पीसीएम (न दाबलेला) आवाज येतोय की आणखी काही, माझा सँपल रेट, म्हणजे सेकंदाला सँपल, किती, माझी कॉपी करायला परवानगी आहे का. 48 किलोहर्ट्झला ही नोंद सेकंदाला 250 वेळा येते. 250 वेळा! तुम्ही केबल खोचून, स्क्रीनकडे बघत, ‘अरे का चालत नाही हे’ म्हणेपर्यंत समोरच्या यंत्राने पाचशेहून जास्त वेळा आपली ओळख सांगून झालेली असते. ती ओळख रेकॉर्डरच्या आत पोचलेली असते. एवढंच नाही, तर हा सिग्नल घेणाऱ्या चिप बाजारात मिळतात त्यांत क्लॉक (येणाऱ्या आकड्यांचा ठेका) पकडता आलं नाही, पॅरिटी (बिट बरोबर आले का याची पडताळणी) चुकली, आलेला डेटा पीसीएम नाही, असे वेगवेगळे इशारे आधीच दिलेले असतात. समजा पाठवणाऱ्याने नोंद नीट भरलेली नसली, तरी येणाऱ्या बिटांचा वेग मोजून सँपल रेट काढता येतो. म्हणजे रेकॉर्डरला रोग माहीत असतो, कारण माहीत असतं, आणि तो आपल्याला काय दाखवतो? या सगळ्या कारणांसाठी एकच लुकलुकणारी ओळ. ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्याने हातात आलेली चार-पाच वेगळी कारणं उचलून एकाच डब्यात कोंबली. का? स्क्रीनवर जागा नव्हती? त्याच स्क्रीनवर सुरू होताना कंपनीचं बोधचिन्ह हलतं-डुलतं तेव्हा जागा असते!

‘44.1 येतंय, मी 48 ला लावलाय’ एवढं एक वाक्य दाखवा हो. दोन बटणं दाबून प्रश्न मिटतो. ते न दाखवल्यामुळे माणूस काय करतो? केबल बदलतो. अडॅप्टर बदलतो. बॅटरी बदलतो. पिन पुसतो, फुंकर मारतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असला प्रकार. तोवर सूर्य वर येतो, पक्षी गप्प होतात आणि दिवस वाया जातो.

याहून वाईट म्हणजे जे रेकॉर्डर तक्रारच करत नाहीत. समोरून 44.1 येतंय, यात 48 लावलंय, आणि हा खुशाल रेकॉर्ड करतो. मीटर हलतात, लाल दिवा लागतो, सगळं छान. फाइलीवर मात्र 48 ची मोहोर. घरी येऊन ऐकावं तर सगळं जवळजवळ नऊ टक्के जलद आणि दीड पट्टी वर. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्याही वर चढून बसतं. फाइलीवरचा आकडा बदलून हे दुरुस्त होतं हे खरं. पण ज्याला हे माहीत नाही, तो ती फाइल बिघडलेली समजून पुसून टाकतो. गेलं की मग सगळं!

आणि क्लॉक. डिजिटल सिग्नल येताना आपला ठेका बरोबर घेऊन येतो आणि घेणाऱ्याने त्याच ठेक्यावर चालायचं असतं. इनपुट डिजिटल केलं की क्लॉक आपोआप बाहेरचं व्हायला पाहिजे, हे शेंबड्या पोराला पटेल. पण नाही. काही यंत्रांत इनपुट एका मेनूत आणि क्लॉक दुसऱ्याच मेनूच्या तिसऱ्या पानावर, ‘सिस्टिम’ नाहीतर ‘अदर्स’ असल्या नावाखाली पुरलेलं. ते ‘इंटर्नल’ राहिलं तर काय होतं? ठेका देणारे दोन यंत्रांतले क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत दहाचा फरक असला तरी 48 किलोहर्ट्झला दर दोन सेकंदांनी एक सँपल घसरतं. प्रत्येक घसरणीला एक बारीक ‘टिक्’. गर्दीच्या आवाजात ते कळतही नाही. शांत जागेत, जिथे आपण मुद्दाम शांततेसाठी गेलो, तिथे नेमकं कळतं. आणि हेडफोनवर ते टिक् ऐकून माणूस पुन्हा केबललाच शिव्या घालतो.

केबलचं म्हणाल तर तिथे वेगळी लूट चालते. ऑप्टिकलच्या प्लगवर सोन्याचा मुलामा देऊन विकतात! अहो, त्यातून प्रकाश जातो. बाहेरच्या कड्याला सोनं लावा की पत्रा, आतल्या उजेडाला त्याचं काय? कोएक्सियलला जुन्या व्हिडिओची पिवळ्या तोंडाची केबल छान चालते, कारण तीही 75 ओहमचीच. हे खोक्यावर कुणी छापत नाही.

कॉपीच्या परवानगीचं तर नावच काढू नका. संगीत कंपन्यांना भीती वाटली की लोक सीडीच्या हुबेहूब नकला काढतील. म्हणून अमेरिकेत 1992 साली कायदा झाला आणि घरगुती डिजिटल रेकॉर्डरमध्ये एससीएमएस ही नकला रोखणारी व्यवस्था सक्तीची झाली. एक डिजिटल नक्कल काढा, त्या नकलेची पुढची नक्कल नाही. भुर्दंड कुणाला? स्वतःच्या माइकने, स्वतःच्या हाताने केलेल्या रेकॉर्डिंगलाही घरगुती डॅट (डिजिटल टेप) यंत्राने तोच शिक्का मारला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. त्याच वर्षी आलेल्या मिनिडिस्कच्या (छोट्या डिस्कवर आवाज टिपणाऱ्या) बहुतेक पोर्टेबल यंत्रांत तर डिजिटल आत घ्यायला ऑप्टिकल होतं आणि बाहेर काढायला काहीच नव्हतं. लोकांनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, गाणी, बोली त्यावर टिपून ठेवल्या आणि त्या बाहेर काढताना पुन्हा अॅनालॉगच्या दारातून काढाव्या लागल्या. जुन्या डॅट टेपा आज नव्या रेकॉर्डरवर उतरवायला बसलं की तो दोन बिटांचा शिक्का अजूनही आडवा येऊ शकतो. आणि रेकॉर्डर सांगतो का, की परवानगी नाही म्हणून मी अडलोय? सगळेच सांगत नाहीत. काही नुसते थांबतात.

एवढ्या वर्षांत हे सुधारायला फार काही लागत नव्हतं. सॉकेटला खटका, वाचता येतील अशी अक्षरं, आणि आत आधीच आलेली माहिती जशीच्या तशी स्क्रीनवर. नवी चिप नको, नवं संशोधन नको. त्याऐवजी कंपन्यांनी काय केलं? हातात मावणाऱ्या बहुतेक नव्या रेकॉर्डरमधून डिजिटल इनपुटच काढून टाकलं. त्या जागी यूएसबी, आणि तिथेही फक्त चार्जिंगची केबल नि डेटाची केबल बाहेरून हुबेहूब सारखी. माझा बाहेरचा कन्व्हर्टर आजही ठणठणीत आहे, त्याचा आवाज आजही या नव्या खेळण्यांपेक्षा स्वच्छ आहे. आणि त्याला लावायला रेकॉर्डर हवा, तर जुनाच शोधा, तोच ‘नो सिग्नल’वाला.