आधी काम नीट सांगा

एका लेखात वाचलं की ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड जाणं) असलेल्या सहकाऱ्यांसाठी ऑफिसात जागृतीची सत्रं घ्यावीत. घ्या की. पण आमच्या टीमला खरा फरक पडला तो साध्या गोष्टींनी. आमचा एक टेस्टर ऑटिस्टिक आहे. सुरुवातीला आम्ही त्याला "जरा बघून घे रे" म्हणायचो आणि तो खरंच नुसतं बघायचा! चूक आमचीच. आता चॅटवर लिहून देतो: काय तपासायचं, कधीपर्यंत, झालं की कुणाला कळवायचं. गंमत म्हणजे याचा फायदा नव्या पोरांनाही झाला. त्याची जागा कॉफी मशीनपासून लांब, भिंतीकडे नेली. वाढदिवसाला आम्ही टाळ्या पिटत गायचो, तेव्हा तो कान झाकून जिन्यात जायचा. आता गाणं बंद, केकच्या पहिल्या तुकड्याला तोच हजर.

बाकी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही येतात आणि समान संधी धोरण (दिव्यांगांना कामात बरोबरीची संधी कशी देणार, ते) खासगी कंपन्यांनाही जाहीर करावं लागतं. आमच्या एचआरकडे ते मागितलं, तर दोन आठवडे शोधतच होते.