गरगर फिरतंय, मग?

“भाऊ, बघा किती वेळ फिरते!” सायकल स्टँडवर, चाक हवेत, आणि हे सिरॅमिक बेअरिंगवाले घड्याळ लावून बसलेत. अरे, त्यावर ऐंशी किलोचा माणूस बसल्यावरचं बोला ना! चाकाच्या मधोमध असतो तो हब, त्याची बेअरिंगं खाऊन खाऊन खाणार किती? जेमतेम वॉटभर. त्यातलं थोडंसं वाचवायला हजारो रुपये! टायर त्याच्या कितीतरी पट खातो, पण त्यात हवा भरायचा कंटाळा.

सिरॅमिक म्हणजे तरी काय? बहुतेकांत गोळ्या तेवढ्या सिलिकॉन नायट्राइडच्या, त्या जिच्यावर फिरतात ती कडी, म्हणजे रेस, स्टीलचीच. गोळी कडक, रेस तिच्यापुढे मऊ. मग आपल्या सिमेंट रोडची धूळ आत गेली की खड्डे कुणाला पडणार? आणि धूळ जाणारच, कारण हलकं फिरावं म्हणून सील सैल, ग्रीस नावापुरतं. वर वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचं पाणी थेट हबवर मारायला सांगायचं. झालं कल्याण!

बसवणारे तर विचारूच नका. ६९०२ नंबरचं बेअरिंग, १५ बाय २८ बाय ७ मिलिमीटर, एवढासा जीव. त्याच्या आतल्या रेसवर हातोडी! हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रेसवर द्यायचा असतो, प्रेसनं, सरळ. आतून ठोकलं की धक्का गोळ्यांतून जातो आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.

चांगल्या कंपनीचं स्टीलचं घ्या, दोन्ही बाजूंना रबर सीलवालं. खरखर लागली की बदला. संपलं.

“पण प्रोवाले, शर्यतीतले व्यावसायिक सायकलपटू, वापरतात!” वापरू द्या की! त्यांच्यामागे मेकॅनिक फिरतो, बेअरिंग फुकट येतं. तुम्हाला नागपुरात फुटाळा तलावाला चक्कर मारून तर्री-पोहे खायचेत ना?