कागद कुणाकडे होता?

गणपतीच्या आधी दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, फोन आला. अलिबागकडे डोंगरालगत आमची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, आहे, तिच्यावर कातकऱ्यांची नऊ घरांची वाडी. जनमन या आदिवासींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून त्यांना घरकुलं मंजूर झालीत, जमीनमालकांची संमती हवी. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. दादा म्हणाला, "संमती द्यायची नाही. एक तरी कागद आहे का त्यांच्याकडे? अर्धं वर्ष वाडी रिकामीच असते. आणि आता गुंठ्याला भाव काय चाललाय, ठाऊक आहे ना?"

त्या 'कागद' शब्दाने मला अजून झोप लागत नाही.

आमचे आजोबा चरीच्या संपातले, खोतांविरुद्ध कुळांनी केलेल्या. १९३३ ते १९३९, सहा वर्षं खोताच्या जमिनीत बी टाकलं नाही. डोंगरातल्या मोळ्या विकून घर चालवलं. कुठला कागद होता त्यांच्याकडे? दप्तरी नाव खोताचं. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला, म्हणून आम्ही मालक. आणि आता आम्हीच कागद मागायचा?

खैराचा कात पाडणारे ते कातकरी. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी जंगलं राखीव केली, पिढ्यान्‌पिढ्या खैर तोडणारा माणूस चोर ठरला. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरात लोक कोयते घेऊन जंगल सत्याग्रहाला गेले. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण गेले, त्यांतला एक नाग्या महादू कातकरी. दरवर्षी तिथे सलामी होते आणि दादा त्या दिवशी हुतात्म्यांचा फोटो स्टेटसला ठेवतो. मग नाग्याच्या जातीची नऊ घरं त्याला का खुपतात?

मी न्यूझीलंडमध्ये न्यू प्लिमथला राहतो. सर्फ हायवेने पाऊण तासावर परिहाका हे माओरींचं गाव आहे. सरकारने माओरींकडून जप्त केलेल्या जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा, १८७९ मध्ये, 'ते व्हिटी' आणि 'तोहू' या गावच्या दोन पुढाऱ्यांनी आपली माणसं गोऱ्यांच्या शेतांत नांगर घेऊन पाठवली. हातात शस्त्र नाही, नुसता नांगर. एकाला पकडलं की दुसरा जू धरायचा. ५ नोव्हेंबर १८८१ ला सोळाशेच्या आसपास सशस्त्र माणसं गावावर चालून आली, तर पुढे गाणारी पोरं आणि भाजलेले पाव. 'ते व्हिटी'ला खटला न चालवता डांबून ठेवलं. पण २०१७ मध्ये सरकारने तिथे जाऊन माफी मागितली. आपल्याकडे कातकरीवाडीत जाऊन कुणी मागितली?

हे दादाला ऐकवलं. तो म्हणाला, "तुझं घर कुणाच्या जमिनीवर आहे रे?"

खरं आहे. हा सगळा भाग १८६५ च्या जप्तीतला. घर घेताना मी लिम रिपोर्ट, म्हणजे नगरपालिकेकडचा त्या जागेचा अहवाल, बारकाईने वाचला, बँकेत चार खेपा घातल्या, टायटल नावावर झाल्यावर पेढे वाटले. जप्तीचं मला तेव्हाही माहीत होतं. तरी सही केली. इथे मला कुणी कागद मागितला तर तो आहे माझ्याकडे.

लहानपणी वाडीतली एक म्हातारी मोळी घेऊन यायची. आजी पैसे उंबऱ्यावर ठेवायची आणि पाणी वरून करवंटीत ओतायची. ती आजीच्या वयाची, पण आम्ही पोरं तिला नावानेच हाक मारायचो, 'अगं' करून. तिने कधी मान वर केली नाही. दिवाळीनंतर तीही दिसेनाशी व्हायची. भट्टीवाल्याची उचल घेतलेली असायची, मग पावसापर्यंत अख्खी वाडी विटा पाडायला. दादा जिला रिकामी म्हणतो ती वाडी अशी रिकामी होते. आमच्या घरचं काम असतं तर आम्ही कुलूप लावून गेलो असतो आणि घर आमचंच राहिलं असतं.

माझं मुखत्यारपत्र दादाकडे आहे. ते रद्द करून संमतीपत्रावर मी स्वतः सही केली आणि साक्षांकनासाठी दोन्ही कागद वेलिंग्टनला पाठवलेत. दादाला अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगायचं धाडस होत नाही. पुढच्या गणपतीला घरी जाईन, तेव्हा त्याच्यासमोर बसून सांगायचंय.