डावीकडची रेघ आणि साडेअठरा

१:५०,००० हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात इतका साळसूदपणे बसलेला असतो, की त्याच्यापासून काही धोका असेल असं वाटतच नाही. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. शेवटची दोन शून्यं खोडली की झाले मीटर. इथवर माझं काही भांडण नाही. भांडण ‘बृहत् प्रमाण’ या शब्दाशी आहे. १:२५,००० हे १:५०,००० पेक्षा बृहत्! आकडा निम्मा, प्रमाण मोठं आणि तेवढ्याच कागदावर मावणारा मुलूख चौथाई. १/२५,००० असा अपूर्णांक मांडला की पटतं. पण अपूर्णांक पटण्याचं वय आपलं केव्हाच उलटलेलं असतं.

त्यात कुणीतरी नकाशाची ‘जरा मोठी’ झेरॉक्स काढतो. कागद दीडपट होतो, छापलेलं १:५०,००० तसंच राहतं आणि आता १ सेंटिमीटरात ३३३ मीटरच उरलेत हे सांगायला तोंड उघडत नाही. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशाखालची ती अंतराच्या खुणांची पट्टी, मात्र कागदाबरोबर ताणलं जातं, म्हणून विश्वास त्याच्यावर. वळणाचा रस्ता मोजायला दोरा घ्या, प्रत्येक वळणावर नखाने दाबत न्या आणि मग रेषाप्रमाणावर सरळ धरा. दोरा इलॅस्टिकचा असेल तर अंतर तुमच्या मूडवर ठरेल. आणि हो, नकाशावरचं अंतर सपाटीचं असतं. चढ त्याला लागत नाही, पायांना लागतो.

जाळीच्या रेषांचे आकडे वाचताना आधी उभ्या रेषा, डावीकडून उजवीकडे. मग आडव्या, खालून वर. चौकोन १ किलोमीटरचा धरू. बिंदूच्या डावीकडची उभी रेष २३, तिच्यापुढे सात दशांश. खालची आडवी ४५, तिच्यावर दोन दशांश. लिहायचं २३७४५२, म्हणजे १०० मीटरच्या चौकोनात पोचलात. चूक ठरलेली आहे. सात दशांशावरचा बिंदू २४ ला जवळचा दिसतो, माणूस जवळचीच रेष धरतो, २४७४५२ लिहितो आणि एक किलोमीटर पलीकडे उभा राहून दुसऱ्याच्या नावाने खडे फोडतो.

हे अंगवळणी पडतंय तोच अक्षांश-रेखांश येतात आणि क्रम उलटतो: आधी उत्तर-दक्षिण. ४० उत्तर, २० पूर्व म्हणजे अल्बानिया; आकड्यांची अदलाबदल करा, थेट तांबड्या समुद्रात. अक्षांश ९० च्या वर गेला तर सॉफ्टवेअर बोंब मारतं, एरवी निमूट गिळतं.

पण खरा कपटी तो दशांश. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, कारण अंशाची मिनिटं ६०. आयुष्यभर साडेअकराला ११.३० लिहिलेला हात मात्र १८.३० लिहून मोकळा होतो. फरक ०.२ अंशाचा, अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, तेव्हा माणूस २२ किलोमीटर चुकला. दुसऱ्या टोकाला आठ दशांशस्थळं पाठवणारे. पाच स्थळांत साधारण एक मीटर येतो, आठ स्थळांत मिलिमीटर. फोनचं जीपीएस स्वतः काही मीटर इकडेतिकडे डुलत असताना हे आपल्याला मुंगीच्या पत्त्यावर बोलावतात!

यापेक्षा रकाना रिकामाच सोडणारे परवडले म्हणावं, तर सॉफ्टवेअर रिकाम्याला कधीकधी शून्य समजतं. शून्य अंश, शून्य अंश ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात आहे. तिथे नुसतं पाणी आहे, तरी थट्टेने तिला ‘नल आयलंड’, म्हणजे शून्याचं बेट, म्हणतात. जगभरच्या विसराळू लोकांचे पत्ते तिथेच जमा होतात.