गहू सोडल्याने इन्सुलिन सुटत नाही

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला टाइप वन मधुमेह होऊन 19 वर्षे झाली. गेल्या वर्षी सिलिअ‍ॅकचेही, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराचेही, निदान झाले. आमच्या आत्याने, काळजीपोटीच, तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक संदेश पाठवला: टाइप वनचे मूळ गहू आहे, गहू बंद केला की तीन महिन्यांत इन्सुलिन सुटते, खपली मात्र चालतो, आणि सिलिअ‍ॅक हा लहान मुलांचा आजार असल्याने मोठ्यांनी तपासणीवर पैसे घालवू नयेत. तो वाचून बहिणीने रात्रीचे इन्सुलिन 4 युनिटने कमी केले. सकाळी ग्लुकोमीटरवर 342 हा आकडा होता, म्हणजे साखर खूपच चढली होती.

टाइप वनमध्ये प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते आणि पोळी बंद केल्याने त्या परत येत नाहीत. 1922 मध्ये टोरंटोत पहिल्यांदा इन्सुलिन टोचले जाण्याआधी गहूच काय, जवळजवळ सगळे अन्न तोडूनही टाइप वन झालेली मुले वाचत नसत. इन्सुलिन थांबवले तर एक-दोन दिवसांतही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणे) होऊन जीव जाऊ शकतो. त्यातही सिलिअ‍ॅकमध्ये घडते ते संदेशाच्या नेमके उलट. ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अंकुर झिजतात, अन्न नीट शोषले जात नाही आणि घेतलेले इन्सुलिन भारी पडून साखर एकदम उतरते. निदानाआधी पोटभर जेवूनही तासाभरात बहिणीला दरदरून घाम फुटायचा आणि हात थरथरायचे. पथ्याने आतडे भरून आले की अन्न अंगी लागते आणि इन्सुलिनची गरज अनेकदा वाढते.

खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असते, एवढे त्या मुद्द्याला पुरे. खरी अडचण न दिसणाऱ्या गव्हाची असते: गिरणीत आधी गहू दळून मग दळलेली ज्वारी, किंवा डबीतल्या हिंगात मिसळलेले गव्हाचे पीठ.

दोन्ही आजारांचा संबंध आहे, हे मात्र मान्य करावे लागते. काही जनुके दोन्हींत समान आहेत, आणि ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याने गहू कायमचा सोडलाच पाहिजे. पण त्यावरून गव्हाने मधुमेह होतो हे सिद्ध होत नाही.

सिलिअ‍ॅक कोणत्याही वयात होतो. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारण लोकांत त्याचे प्रमाण 0.3 ते 1 टक्का, तर टाइप वन असलेल्यांत 1.6 ते 16.4 टक्के आढळते, आणि पोटाच्या तक्रारी किंवा तशी अन्य लक्षणे असलेल्या प्रौढांनीही तपासणी करून घ्यावी असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. कारण न कळणारा अशक्तपणा, लोहाची कमतरता आणि वारंवार उतरणारी साखर हीसुद्धा त्याची चिन्हे असू शकतात. मात्र गहू आधीच बंद केला तर रक्तातील प्रतिपिंडे उतरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून ज्याला शंका असेल त्याने पोळी खाणे चालू असतानाच टीटीजी-आयजीए (याच प्रतिपिंडांची रक्तचाचणी) आणि त्यासोबत रक्तातील एकूण आयजीए तपासून घ्यावे.