लोणच्याला डबी द्या, पिशवी नको

आज ऑफिसात एकीचा निरोप होता म्हणून सगळ्यांना मासळीच्या थाळ्या पार्सल मागवल्या. जेवणं आटोपल्यावर टेबलावर नुसता खच. सोलकढीच्या गाठ मारलेल्या पिशव्या, लोणच्याच्या बोटभर पिशव्या आणि कुणीही न मागितलेल्या सॉसच्या पुड्या. हुमण-भाताबरोबर, म्हणजे माशांच्या आमटी-भाताबरोबर, सॉस कशाला? सफाईची मावशी एकेक पिशवी चिमटीत धरून वेचत होती आणि लोणच्याचं तेल तिच्या मनगटापर्यंत ओघळत होतं. माझं डोकंच फिरलं.

माझे बाबा इथे गोव्यातच डिचोलीकडे खाणीवर कामाला होते. आई त्यांना पेजेचा डबा द्यायची आणि सोबत मिसकुटीची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची डबी. स्टीलची, लिंबाएवढी, फिरकीच्या झाकणाची. संध्याकाळी डब्याच्या कडीत खाणीची लाल धूळ बसलेली असायची. डबीच्या आट्यांत मात्र कधी तेलाचा थर दिसला नाही, कारण आई जुन्या टूथब्रशने ते आटे रोज घासायची. त्या डबीचं आमच्या घरी कुणाला कौतुकही नव्हतं. लोणचं असंच न्यायचं असतं, एवढंच आम्हाला माहीत.

आणि आता शिकलेली, पगारदार माणसं घरच्या डब्यातलं लोणचंसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून आणतात! १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या बंद झाल्या. सॉसची पुडी त्या यादीत नाही, म्हणून हॉटेलवाले मूठभर कोंबतात. आत ॲल्युमिनियम, वर प्लास्टिक, थर एकमेकांना असे चिकटवलेले की भंगारवालाही घेत नाही. साळगावला कचऱ्याचा केवढा मोठा प्रकल्प उभा केला, पण तेलाने बरबटलेली एवढीशी पिशवी तिथपर्यंत पोचायला तर हवी. पहिल्या पावसात ती गटारात जाते, गटारातून मांडवीत. मग पणजीत पाणी तुंबलं की शिव्या महापालिकेला.

डबी हरवते, मान्य. ऑफिसच्या बेसिनवर तेलकट डबी धुवायचा कंटाळा येतो, तेही मान्य. मग कागदाने पुसून घरी न्या, घरी धुवा. बाबांना खाणीवर बेसिन होतं का? ते पेजेचं उरलेलं पाणी डबीत घालून हलवायचे आणि पिऊन टाकायचे. मिसकुटीचा खार असा वाया जाऊ द्यायचा नाही, असं म्हणायचे. हे लिहिताना त्यांचा तो डबी हलवणारा हात डोळ्यांसमोर आला आणि राग जरा निवला.

ज्यांना खरंच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सांगते. लोणच्याला, सोलकढीला स्टीलच घ्या. ॲल्युमिनियम नको, मीठ आणि आंबट त्याला खातं. प्लास्टिकच्या डबीला हळदीचा डाग आणि वास कायमचा धरतो. झाकणाला आतून रबराची चकती हवी, नाहीतर कदंबा बसच्या धक्क्यांत सगळं दप्तरात सांडेल. काठोकाठ भरू नका. ओल्या खोबऱ्याची चटणी आपल्याकडच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबते, ती नेऊच नका, सुकी न्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांत अशा डब्या मिळतात. मी या शुक्रवारी जाणार आहे. ऑफिसातल्या कुणाला हव्या असतील तर आजच सांगा, तुमच्याही घेऊन येईन. आणि पुढच्या पार्सलला "सॉस, लोणचं नको" हे फोनवर मीच सांगणार.